‘किल्ला’ : सुटीबाहेरचे साहस

मराठी बालसाहित्यात उन्हाळ्याच्या सुटीला एक स्वतंत्र स्थान आहे. परीक्षा संपते, मुले मामाच्या गावी जातात आणि विहीर, आमराई, पडका वाडा किंवा गुहा यांच्या आधाराने साहसकथा उभी राहते. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ने मराठी वाचकांच्या किमान दोन पिढ्यांना ही गोडी लावली. चित्रपटांनीही हा हंगाम ओळखला. श्रीरंग गोडबोले यांचा ‘चिंटू’ मे २०१२ मध्ये आणि त्याचा पुढील भाग एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे नेमक्या सुटीच्या तोंडावर आला. अविनाश अरुण दिग्दर्शित ‘किल्ला’ मात्र २६ जून २०१५ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हा शाळा उघडल्या होत्या आणि पाऊस सुरू झाला होता. चित्रपटाच्या स्वभावाशी हा योगायोग चांगलाच जुळतो.

प्रदर्शनापूर्वीच या चित्रपटाला मोठी ख्याती लाभली होती. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर मिळाले आणि ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. मराठी प्रेक्षकाच्या मनात अशा ख्यातीचा एक ठरावीक अर्थ असतो : संथ गती, मौन, निसर्गदृश्ये आणि शेवटी न उलगडलेले दुःख. ‘किल्ला’ पाहताना अनपेक्षित काही जाणवत असेल, तर ते हे की हा चित्रपट मनापासून रंजक आहे. बर्लिनचा तो पुरस्कार मुलांच्याच परीक्षक मंडळाने दिला होता, ही गोष्ट आपल्याकडील चर्चेत फारशी ध्यानात घेतली गेली नाही. महोत्सवी चित्रपट आणि रंजक चित्रपट ही आपली सोयीची विभागणी त्या मुलांना ठाऊक नसावी.

कथानक साधे आहे. वडिलांच्या निधनानंतर अकरा वर्षांचा चिन्मय (अर्चित देवधर) आणि त्याची आई अरुणा (अमृता सुभाष) पुण्याहून कोकणातील एका लहान गावात येतात. आई सरकारी नोकरीत आहे आणि तिची बदली झाली आहे. नव्या शाळेत चिन्मयची गाठ खोडकर बंड्या (पार्थ भालेराव), युवराज (गौरीश गावडे) आणि त्यांच्या टोळीशी पडते. टोळी, सायकली, समुद्र आणि किल्ला, असा साहसपटाला लागणारा सगळा ऐवज येथे जमलेला आहे. नाही तो खजिना आणि नाही तो खलनायक.

या दोन अभावांमुळे चित्रपटातील साहसाचे स्वरूप बदलते. सायकली दामटत मुले किल्ल्यावर जातात, तो प्रसंग या दृष्टीने मध्यवर्ती आहे. प्रारंभी तो निखळ आनंदाचा आहे. शर्यतीतील चढाओढ, बंड्याची बडबड आणि मोकळा रस्ता यांत प्रेक्षकही चिन्मयइतकाच रमतो. मग आभाळ फुटते. भिंतींच्या आडोशाला थांबलेला चिन्मय बाहेर येतो, तेव्हा सोबती निघून गेलेले असतात. रूढ साहसकथेत याच क्षणी दोर घेऊन मित्र परत आला असता. येथे कोणीही येत नाही. महत्त्वाचे हे की दिग्दर्शक त्या मुलांना दोषी ठरवत नाही. पाऊस आला, मुले पळाली, एवढेच. परंतु ज्याचे वडील नुकतेच गेले आहेत आणि ज्याचे शहर नुकतेच सुटले आहे, त्या मुलाला ‘एवढेच’ हा शब्द उपलब्ध नाही. आपल्याला पुन्हा एकदा टाकून दिले गेले, असाच अर्थ तो लावतो. वडिलांच्या मृत्यूविषयी एकही मोठा संवाद न घालता चित्रपट त्या मृत्यूपाशी पोहोचतो, तो या किल्ल्याच्या वाटेने. शर्यतीतील आनंद आधी खरा वाटला नसता, तर नंतरची पोकळीही खरी वाटली नसती. रंजकता हा येथे वरून लावलेला मुलामा नाही. ती आशयाचा भार वाहते.

यानंतर चिन्मय एकटाच एका कोळ्याच्या होडीतून समुद्रावर जातो. त्रुफोच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९) या चित्रपटातील मुलगा समुद्रापाशी येऊन थांबतो. चिन्मयला मात्र परत यावे लागते, कारण किनाऱ्यावर आई आहे. मराठीपुरते पाहायचे तर उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’शी (२००९) तुलना अधिक उपयुक्त ठरते. तेथे पाणी नचिकेतला गिळते आणि समीरपुढे प्रश्न ठेवते. ‘किल्ला’तील पाणी कोणताही तात्त्विक प्रश्न विचारत नाही. ते भिजवते, अडवते, घाबरवते आणि ओसरते.

चित्रपटाच्या उणिवाही नोंदवायला हव्यात. आईच्या कार्यालयातील दडपणांचा धागा पुरेसा विणला गेलेला नाही. अमृता सुभाष यांच्या संयत अभिनयामुळे तो तगतो, पण लेखनाच्या बळावर नव्हे. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक असल्याने काही चौकटी आपल्याच सौंदर्यात रेंगाळतात. ओल्या कोकणाचे चित्र इतके देखणे आहे की तेथे नव्याने आलेल्या मुलाला ते नकोसे वाटत असेल, हे काही वेळा विसरायला होते.

तरीही ‘बदली’ या शब्दाला मध्यमवर्गीय मराठी घरात जो अर्थ आहे, तो पडद्यावर इतक्या नेमकेपणाने क्वचितच आला असेल. नवी मुंबईतील अध्यापकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर वसलेल्या या शहरातील बहुसंख्य कुटुंबे कोठून तरी आलेली आहेत, आणि वर्गात मध्येच दाखल होऊन शेवटच्या बाकावर बसणारे मूल येथे अपवाद नाही. बेलापूरला खाडीकाठी एक किल्ला पडझडीच्या अवस्थेत आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांना ‘किल्ले गावठाण’ या नावापलीकडे त्याची ओळख नसते. (या परिसरातील मुलांच्या साहसाची कथा कोणी लिहिली, तर ती खाडी, रेल्वेरूळ आणि अर्धवट बांधलेल्या इमारती यांच्यामध्येच घडेल.)

शेवटी पुन्हा बदलीचा आदेश येतो. ज्या गावात चिन्मयला यायचेच नव्हते, तेथून आता त्याचा पाय निघत नाही. मित्रांशी समेट झालेला आहे, पण किल्ल्यावर त्या दिवशी काय घडले, याचा खुलासा कोणी कोणाकडे मागत नाही. सामान बांधले जाते आणि आई व मुलगा निघतात.