यहुदी लग्न आणि तारण : रूपक किती ताणायचं?

मित्रहो, आज जरा नाजूक विषय घेतो आहे. ख्रिस्ती प्रवचनांतून एक मांडणी तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. येशूच्या काळातली यहुदी लग्नाची रीत म्हणजे तारणाचा हुबेहूब आराखडा, असं त्यात सांगतात. वर वधूचं मोल देतो, तसं ख्रिस्ताने आपल्या रक्ताने मोल दिलं. वर बापाच्या घरी खोली बांधायला जातो, तसा ख्रिस्त स्वर्गात गेला. खोली पसंत पडली की बाप दिवस ठरवतो आणि वर रात्री अचानक येतो. तसंच ख्रिस्ताचं पुनरागमन. ऐकायला गोड आहे. पण यातलं खरं किती?

आधी जे टिकतं ते सांगतो. यहुदी विवाहाचे दोन टप्पे होते. एरुसीन म्हणजे वाग्दान, आणि निसुईन म्हणजे वधूला घरी आणणं. हे वाग्दान आपल्या साखरपुड्यासारखं नव्हतं. साखरपुडा मोडला तर फार तर दोन घरांत अबोला होतो. तिथे वाग्दान झालं की ती कायद्याने पत्नी. मोडायला सूटपत्र लागे. म्हणून तर मत्तयाच्या शुभवर्तमानात मरिया नांदायला येण्याआधीच योसेफ तिला गुपचूप सोडण्याचा विचार करतो. 'आपण ख्रिस्ताचे झालो आहोत, पण पूर्ण मीलन अजून व्हायचं आहे' ही ख्रिस्ती जाणीव या मधल्या काळात नेमकी बसते. पौल करिंथच्या मंडळीला वाग्दत्त कुमारी म्हणतो, तो याच अर्थाने.

आता जे टिकत नाही ते. इ.स. २०० च्या सुमारास यहुदी कायद्याचा 'मिश्ना' हा संग्रह सिद्ध झाला. मुलाच्या लग्नासाठी खोली बांधण्याचा उल्लेख त्यात आहे. रब्बी अकिवा म्हणतात, चार हात बाय सहा हात बांधा. रब्बी इश्माएल म्हणतात, अहो, हा तर गोठा झाला! म्हणजे खोलीची गोष्ट खरी. पण दिवसाचं काय? मिश्ना सांगते, कुमारिकेचं लग्न बुधवारी, विधवेचं गुरुवारी. नवऱ्याने 'आता घरी ये' म्हटल्यापासून कुमारिकेला तयारीसाठी बारा महिने. ही काय गुप्त तारीख झाली? दहा कुमारींच्या दाखल्यात वराला उशीर होतो, हे खरं. पण उशीर होणं वेगळं आणि दिवसच ठाऊक नसणं वेगळं. तो दिवस पित्याखेरीज कोणाला ठाऊक नाही, हे येशूचं शेवटाविषयीचं बोलणं आहे. ते मागे नेऊन लग्नाच्या रीतीत बसवलं गेलं आहे. कोणी म्हणेल, मिश्ना नंतरची. मान्य. मग आधीचा पुरावा दाखवा. शुभवर्तमानातून रीत काढायची आणि तीच रीत शुभवर्तमानाचा पुरावा म्हणून मांडायची, हा चक्राकार युक्तिवाद आहे.

तिसरा मुद्दा मला जास्त बोचतो. मोल. 'मोहर', म्हणजे वधूशुल्क, मुलीच्या बापाला दिलं जाई. मग ख्रिस्ताने ते कोणाला दिलं? ओरिगेन आणि निस्साचा ग्रेगरी यांनी सैतानाकडे बोट दाखवलं. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने ते नाकारलं. पण हा वाद पंडितांचा. लग्नाच्या दिवशी असं प्रवचन ऐकणाऱ्या नवरीला काय ऐकू येतं? 'तू विकत घेतलेली आहेस.' मंडळी ख्रिस्ताची, तशी तू नवऱ्याची मालमत्ता.

इथे होशेय संदेष्ट्याकडे वळा. तो पंधरा शेकेल रुपं आणि दीड होमर जव देऊन स्त्रीला आणतो, म्हणजे मोल त्यालाही ठाऊक आहे. पण त्याच्याच आधीच्या अध्यायात देव इस्राएलला सांगतो की पुढे तू मला 'बाली' म्हणणार नाहीस, 'ईशी' म्हणशील. 'बाल' म्हणजे धनी, मालक. 'ईश' म्हणजे माणूस, नवरा. बघा, आपल्याकडेही बायका 'आमचे मालक', 'आमचे धनी' म्हणत आल्या. आणि 'माझा माणूस' असंही म्हणत आल्या. दोन्हींत केवढं अंतर आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणजे शास्त्राने लग्नाची रीत जशीच्या तशी उचलली नाही. ती हातात घेतली आणि तिच्यातली मालकी काढायला लावली. रूपक वापरणाऱ्याने एवढं तरी पाळावं. पुढच्या वेळी असं प्रवचन ऐकाल तेव्हा दोन प्रश्न विचारा : ही रीत कुठे नोंदली आहे? आणि या चित्रात नवरी कोण आहे, माणूस की वस्तू?

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.