२२० जनुकांची यादी, आणि न विचारलेला प्रश्न

माझ्या पहिल्याच प्रगती-सादरीकरणात एका बाईंनी विचारलं, "ही जनुकं वाढली म्हणून मूळ फुटलं, की मूळ फुटत होतं म्हणून ही वाढली?" मी गप्प. घरी आल्यावर जो पेपर मी आदर्श मानत होते, तो पुन्हा वाचायला घेतला.

ब्रिंकर आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २००४ साली 'प्लांट फिजिऑलॉजी'त आला. लॉजपोल पाइनच्या हायपोकॉटिलला, म्हणजे बीजपत्रांखालच्या कोवळ्या खोडाला, त्यांनी थोडा वेळ आयबीए हे ऑक्सिन दिलं (नर्सरीतल्या रूटिंग पावडरीत असतं ते), आणि मूळ तयार होण्याच्या टप्प्याटप्प्यांवर आरएनए काढला. २,१७८ सीडीएनए असलेल्या मायक्रोअ‍ॅरेवर २२० जनुकांची पातळी लक्षणीय बदललेली दिसली.

यातला क्रम मला आजही आवडतो. सुरुवातीला पेशीविभाजनाची आणि पेशीभित्ती सैल करणारी जनुकं वाढतात, ऑक्सिन वाहून नेणारी कमी होतात. मुळाचं मेरिस्टेम घडायला लागलं की उलट: ऑक्सिनची वाहतूक आणि भित्ती बांधणी वाढते, सैल करणं थांबतं. आधी भिंत पाडायची, मग बांधायची.

मायक्रोअ‍ॅरे मात्र लॉब्लॉली पाइनचा होता. त्यावर जे जनुक नाही, ते या पेपरपुरतं अस्तित्वातच नाही. त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. लॉब्लॉलीचा जीनोमच २०१४ साली आला.

माझी खरी अडचण वेगळी आहे. हायपोकॉटिलला ऑक्सिन दिलं की मूळ फुटतंच. मग त्या २२० पैकी मुळासाठी कोणती बदलली, नुसत्या ऑक्सिनमुळे कोणती आणि कापल्याच्या जखमेमुळे कोणती, हे या यादीवरून कसं सांगणार?

आता दिआस-साला आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा पेपर शेजारी ठेवून बघा. लॉब्लॉलीच्या ५० दिवसांच्या रोपातून घेतलेली हायपोकॉटिलची छाटकलमं ऑक्सिन मिळाल्यावर ३० दिवसांत मुळं धरतात. त्याच रोपाच्या एपिकॉटिलची, म्हणजे बीजपत्रांवरच्या खोडाची, ६० दिवसांतही क्वचितच. ऑक्सिन शोषणं, वाहून नेणं, साठवणं यांत हा फरक समजावेल असं काही सापडलं नाही. एकच रोप, तेच संप्रेरक! म्हणजे गोम ऊतीच्या प्रतिसादात आहे. तुलना करायची तर इथे.

२००७ मध्ये रेडिएटा पाइन आणि चेस्टनटवर झालेलं काम या दिशेने गेलं. मूळ धरू शकणाऱ्या कलमांत ऑक्सिननंतर पहिल्या २४ तासांतच स्केअरक्रो-लाइक जनुक वाढलेलं दिसलं. तेही कारण आहे असं लिहू नका. ते जनुक बंद करून मूळ अडतं का, हे पाहावं लागेल, आणि सूचीपर्णी झाडांत ते काम फार वेळखाऊ.

माझी रोपं चीडची आहेत (झाड हं, राग नव्हे). आता दर वेळी एपिकॉटिलच्या नळ्याही शेजारी ठेवते: तोच दिवस, तोच आयबीए, आणि एक संच बिनऑक्सिनचा. नमुने तिप्पट झालेत. सिक्वेन्सिंगचा खर्च गाइडना सांगायचा राहिलाय.