लग्नापूर्वी वाचायची पुस्तके

आमच्या शाळेतल्या एक शिक्षिका वसईच्या किनारपट्टीकडल्या, ख्रिस्ती. रोज गाडी बदलत चांदीपला येतात. नाताळानंतर त्यांच्या मुलीचे लग्न आहे. मधल्या सुट्टीत त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. मुलीला देण्याजोगे संसारावरचे एखादे मराठी पुस्तक सांगा. चर्चमधले विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग तिने केले, प्रमाणपत्रही मिळाले. पण भांडण झाल्यावर ते प्रमाणपत्र काय उपयोगाचे?”

मला त्या वर्गांचा हेवाच वाटला. आमच्याकडे लग्नाची तयारी म्हणजे हॉल, आचारी आणि मानपान. त्यांच्यात निदान दोघांना शेजारी बसवून काही सांगतात. पुढे वेदीसमोर धर्मगुरू सर्वांच्या देखत विचारतात : स्वखुशीने आलात ना? जन्मभर एकमेकांशी एकनिष्ठ राहाल ना? देव देईल ती मुले स्वीकारून त्यांना धर्माप्रमाणे वाढवाल ना? मुले जन्मायच्या आधीच त्यांच्या संगोपनाची हमी मागणारा हा तिसरा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो.

मी बाईंना दोन पुस्तके दिली. पहिले बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’. ते 1857 चे, म्हणजे विधवाविवाहाच्या कायद्याला जेमतेम वर्ष झाले होते तेव्हाचे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव सर्वांनी ऐकलेले असते, वाचलेले थोड्यांनी. यमुना आणि विनायक गावोगाव हिंडतात, विधवांचे हाल पाहतात आणि एकमेकांशी बोलतात. नवराबायकोने एखाद्या प्रश्नावर बरोबरीने बोलावे, हीच त्या काळी केवढी गोष्ट! पुढे विनायक मरतो, यमुना ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. पदमनजींची कळकळ खरी आहे, यात शंका नाही. परंतु यमुना कधी चुकतच नाही. तिच्या संसारात भाजी करपत नाही, की रात्री रडून घर जागवणारे मूल नाही. लेखकाला जे पटवायचे आहे ते तिला आधीच पटलेले असते. अशा नायिकेकडून धडे घेता येतात, धीर घेता येत नाही. (मीही माझ्या पहिल्या कादंबरीत अशीच एक शहाणी मुलगी रंगवली होती. वाचकांनी तिला ओळखही दिली नाही.)

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’, 1934 पासून भागाभागाने निघालेले. येथे लग्नाची तयारी मुळीच नाही. अकरा वर्षांच्या मनूला स्वखुशीचा प्रश्न कोण विचारणार? माहेरी वडिलांचे सोवळ्याचे वेड, सासरी तापट, उदार आणि न सांगता घरातून निघून जाणारा कवी नवरा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बायको जवळ नव्हती. लहानगा दत्तू आईपाशी, बाप दुसऱ्या धर्मात. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांजवळ आल्या, तरी आपले सोवळे सांभाळून राहिल्या. ते गळून पडले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि मग 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला हा भाग पुस्तकाचे काळीज वाटतो. कारण ख्रिस्ती संसार ही काय चीज आहे, हे येथे कोणी प्रवचनातून सांगत नाही. दोन हट्टी माणसे ती चुकतमाकत शिकतात.

आणि मुलांचे म्हणाल, तर त्या घराचे दार परक्या मुलांनाही उघडे होते. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्या घरी पोरासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, म्हणून त्यांच्या पानात काही कमी पडले नाही. ‘धर्माप्रमाणे वाढवा’ याचा याहून मोठा अर्थ मला ठाऊक नाही. पुढे दत्तूने, म्हणजे देवदत्तांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या, त्यातून हे पुस्तक उभे राहिले. ज्या मुलाला असे मागावेसे वाटते, त्याचे संगोपन बरे झाले असले पाहिजे.

पंधरा दिवसांनी बाई मला म्हणाल्या, “पुस्तक सुरेख आहे. मी हसले, रडले. पण एक विचारू? लक्ष्मीबाईंनी हसत हसत जे सोसले, ते माझ्या मुलीनेही हसत सोसावे, असे तुमचे म्हणणे आहे का?”

मी गप्प झालो. मी ते तीन-चारदा वाचले होते, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. लक्ष्मीबाईंचा विनोद इतका निर्मळ आहे, की त्याच्या आडून टिळक सहज सुटतात. घरातले पैसे देऊन टाकणारा, पोराबाळांसह बायकोला वाऱ्यावर सोडणारा माणूस आपल्याला लोभस वाटू लागतो. लेखिकेचे हे मोठे सामर्थ्य. पण लग्नाच्या उंबरठ्यावरल्या मुलीच्या हाती दिले, की त्याचीच भीती वाटावी. माझ्यासारख्या पुरुष वाचकाला ती वाटली नाही, हे नोंदवून ठेवतो. मग मी बाईंना म्हटले, “मुलीला देऊ नका. आधी जावयाला द्या.”

पुस्तक अजून परत आलेले नाही. तो दुसऱ्या भागापर्यंत आला आहे, असे कळते.