सरखेल आहेत, तांडेल कुठे?

भोपाळच्या कोलार रोडवरून समुद्र फार लांब. पण आरमाराची आठवण या प्रांताला परकी नाही. आंग्र्यांची एक शाखा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी आली. म्हणूनच दा. गो. ढबू यांचा ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ हा १९३९ चा ग्रंथ इथेही घरचाच वाटतो.

ग्रंथाचे ऋण मोठे आहे. कान्होजींनी १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांचा कुलाब्यावरील संयुक्त हल्ला परतवला, १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजींचे आरमार जळाले, १८४० मध्ये संस्थान खालसा झाले. अशा घराण्याची हकिकत ढबूंनी मराठीत एकत्र आणली. वीस वर्षांनी सीमाभागातल्या मनोहर माळगावकरांनी कान्होजींचे चरित्र लिहिले, ते इंग्रजीत.

तरीही एक उणीव सलते. गुराबा-गलबते चालवली कोळी, भंडारी, गाबीत, दालदी यांनी. वंशवेल मात्र सरखेलांची. दोष एकट्या ढबूंचा नव्हे. दप्तर धन्याचे असते, आणि आपले कुलवृत्तांतही बहुधा त्याच वाटेने जातात.

दुसरी वाट आहे. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर नेस भागातल्या गावकऱ्यांनी १९७७ मध्ये स्वतःचे इतिहास-मंडळ काढले. साध्या शेतकरी-दर्यावर्दी कुटुंबांच्या वंशावळी, छायाचित्रे, वडीलधाऱ्यांच्या आठवणी तिथे जपल्या जातात. ती घरेही आपल्यासारखीच दुभाषी, गेलिक आणि इंग्रजी बोलणारी.

तेव्हा या दिवाळीत आजीजवळ वही घेऊन बसावे. तारवावर कोण होते, कुठल्या बंदरात उतरले, हे तिच्याच मराठीत उतरवून घ्यावे. नातवंडांची भाषा बदलली, की हे प्रश्नही विचारता येणार नाहीत.