फ्रॉन्सेस टॅव्हर्न : एका घराच्या दोन आठवणी

न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकास, पर्ल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, गगनचुंबी इमारतींच्या गराड्यांत विटांचें एक ठेंगणें घर उभें आहे. वसाहतीच्या काळीं, १७१९ सालीं, तें डी लॅन्सी नामक व्यापाऱ्यानें बांधविलें. १७६२ सालीं सॅम्युएल फ्रॉन्सेसनें विकत घेऊन तेथें टॅव्हर्न थाटली. टॅव्हर्न म्हणजे निव्वळ गुत्ता नव्हे. खाणेंपिणें, सभा, व्यापाऱ्यांच्या बैठकी, सारेंच तेथें चाले. १९०७ पासून तेथें संग्रहालय आहे.

त्याचा मानबिंदु म्हणजे माडीवरील लांबट दालन. ४ डिसेंबर १७८३ रोजीं जॉर्ज वॉशिंग्टननें येथें आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. भरलेला पेला, एकेकास दिलेलें आलिंगन, डोळ्यांतील पाणी, हें सारें आपणांस मुख्यतः कळतें तें बेंजामिन टॉलमॅजनें १८३० सालीं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानें लिहिलेल्या आठवणींवरून. वास्तूचीही तीच गत. आगींनीं व मागाहून चढविलेल्या मजल्यांनीं मूळ रूप इतकें पुसलें होतें कीं, जीर्णोद्धार करणाऱ्या मर्सरो या शिल्पज्ञास पुष्कळसें अनुमानावरच उभारावें लागलें. अनुमान हा कांहीं गुन्हा नव्हे. पण तें कोणासाठीं केलें, हें विचारणें टीकाकारास भाग आहे.

कारण त्याच वर्षीं मे ते नोव्हेंबरपर्यंत याच घरांत दर बुधवारीं दुसरी एक बैठक भरे. ब्रिटिशांच्या आश्रयास येऊन गुलामींतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांपैकीं कोणास जहाजावर चढूं द्यावें व कोणास जुन्या धन्याच्या हवालीं करावें, याच्या वादग्रस्त प्रकरणांचा निवाडा तेथें होई. त्या वर्षीं शहर सोडून गेलेल्या सुमारें ३००० जणांचीं नांवें एका नोंदवहींत आहेत. आणि हे गुलाम परत मिळावेत असा आग्रह ब्रिटिश सेनापति कार्लटन याच्यापुढें मे महिन्यांत धरणारा गृहस्थ कोण? तोच अश्रु ढाळणारा वॉशिंग्टन!

अलीकडे संग्रहालयानें या चौकशीवर स्वतंत्र प्रदर्शन मांडलें, हें स्तुत्यच. आमचा आक्षेप ‘स्वतंत्र’ या शब्दास आहे. वेगळें मांडलेलें सहज वगळतां येतें. निरोपाच्या अश्रूंनीं भारावलेला प्रेक्षक तेवढ्यावरच संतुष्ट होऊन जिना उतरूं शकतो. बॉस्टन किंग नांवाचा एक सुटलेला गुलाम त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्यें होता. जुने धनी आपणांस धरून नेणार या वार्तेनें झोंप व अन्न कसें नकोसें झालें, हें त्यानें १७९८ सालीं छापलेल्या आत्मवृत्तांत सांगितलें आहे. टॉलमॅजहून तीस वर्षांपेक्षांही आधीं! तीं पानें त्या लांबट दालनांतच, टॉलमॅजच्या आठवणींच्या शेजारीं मांडावींत.