आपला नीट, त्यांचा नीट

बारामतीच्या बाजारपेठेत घटकाभर उभे राहिले तर 'नीट' हा एकच ध्वनी तीन कामांना जुंपलेला ऐकू येतो. आई पोराला 'नीट जा' म्हणते, शिकवणीबाहेरची मुले 'नीट'च्या गुणांचा हिशेब करतात, आणि पाणी न घालता पिणारा 'नीटच दे' म्हणून सांगतो. दुसरा नीट म्हणजे परीक्षेच्या नावाची आद्याक्षरे; तो सोडून देऊ. पण पहिला आणि तिसरा एकच, आपला नीट साहेबाकडून आला, असे मानणारे सुशिक्षित मला पुष्कळ भेटतात.

मला हे पटत नाही. 'नीटनेटका' या जोडीतला 'नेटका' सतराव्या शतकात रामदासांनी प्रपंचाला लावला आहे. अर्थाचा पुरावा तर त्याहून पक्का. वाट नीट असते, बंद पडलेला पंप नीट होतो, दुखणाईत माणूस नीट होतो. सरळ असणे, मार्गी लागणे हा आपल्या शब्दाचा गाभा. इंग्रजी शब्द यांपैकी एकाही जागी बसत नाही.

त्याचे मूळ लॅटिन 'नितिदुस', म्हणजे चकचकीत. फ्रेंचमध्ये तो 'नेट' झाला, स्वच्छ या अर्थाने, आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत शिरला. (गुराढोरांनाही इंग्रजीत नीट म्हणत, तो शब्द निराळ्या कुळातला.) स्वच्छ म्हणजे भेसळ नसलेले, म्हणून बिनपाण्याची दारू नीट. त्याच फ्रेंच शब्दातून हिशेबातला 'नेट' निघाला: खर्च वजा जाता उरते ते. मराठीनेही निवळ पाण्याशेजारीच निव्वळ नफा ठेवला आहे.

या निव्वळाची किंमत इंदापूरने मोजली. हेलीबरीला माल्थसच्या हाताखाली शिकलेला आर. के. प्रिंगल 1820 च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्याची पाहणी करू लागला. जमिनीचा कस पाहायचा, सरासरी पीक धरायचे, मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारचे! कागदावर याहून नेटके काही नव्हते. पण इंदापूरचा पाऊस सरासरीने पडत नाही, धान्याचे भाव कोसळलेले, आणि खालच्या कारकुनांनी केलेल्या नोंदी भरवशाच्या नव्हत्या. आकारणी जड झाली, रयतेने जमिनी टाकल्या. 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि पुढे विंगेट यांनी इंदापुरातच नवी पाहणी सुरू केली. निव्वळ उत्पन्न काढण्याचा खटाटोप त्यांनी सोडून दिला. जमिनींची प्रतवारी लावली, दर उतरवले आणि ते 30 वर्षांसाठी बांधून दिले. नंतर मुंबई इलाख्यात हीच रीत पसरली. प्रिंगलचा हिशेब इंग्रजी अर्थाने नीट होता. आपल्या अर्थाने नव्हता.

हा फरक वाङ्मयातही उपयोगी पडावा. बारामतीला हयात घालवलेल्या मोरोपंतांच्या (1729–1794) आर्येला आपण नीटनेटकी म्हणतो. मात्रा चुकत नाही, यमक ढळत नाही; 'नेटकी' हे बिनतक्रार मान्य. पण संस्कृत समासांतून कर्ता शोधत जाणाऱ्या वाचकाला ती वाट नीट वाटते का? 'केकावली'त, जिथे पंत देवाशी भांडतात, तिथे बऱ्याचदा वाटते. 'केकावली' मात्र आर्येत नाही, पृथ्वी वृत्तात आहे.