‘जीव’, ‘आत्मा’ आणि ‘व्यक्ती’ : मानवी जीवनाच्या आरंभाविषयीची कॅथलिक भूमिका

मानवी जीवनाचा आरंभ गर्भधारणेच्या क्षणी होतो, हे मत रोमन कॅथलिक चर्चने पहिल्यापासून एकसारखे प्रतिपादिले आहे, असे त्याचे समर्थक सांगतात. टीकाकार याच्या उलट असे म्हणतात की, हे मत १८६९ मध्ये प्रथम स्वीकारले गेले. ही दोन्ही विधाने अपुरी आहेत, आणि त्या अपुरेपणाचे मूळ बव्हंशी भाषेत आहे. लॅटिन परंपरेत ‘वीटा’, ‘आनिमा’ आणि ‘पेर्सोना’, म्हणजे जीवन, आत्मा आणि व्यक्ती, अशा तीन निरनिराळ्या संज्ञा आहेत. मराठीतील ‘जीव’ हा शब्द पहिल्या दोहोंचे काम एकटाच करतो. त्यामुळे ‘गर्भात जीव केव्हा येतो?’ असे विचारले की तीन प्रश्नांचा एक प्रश्न होतो, आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले गेले हे कळेनासे होते.

या विषयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा भाषांतराचा आहे. ‘निर्गम’ या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात, दोन पुरुषांच्या मारामारीत गरोदर स्त्रीला धक्का लागून गर्भ बाहेर पडल्यास काय शिक्षा द्यावी, याचा नियम आहे. मूळ हिब्रूत शिक्षेची तीव्रता ‘आसोन’, म्हणजे अपाय, घडला की नाही यावर अवलंबून आहे. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात मात्र ‘आसोन’च्या जागी गर्भ ‘आकार पावलेला’ आहे की नाही, असा भेद आला. तेथील विशेषण प्रतिमावाचक ‘एइकोन’ या शब्दापासून साधलेले आहे. ग्रीकावरून झालेल्या जुन्या लॅटिन भाषांतरात हा भेद उतरला आणि तेथून तो सेंट ऑगस्टीनच्या विवेचनात आला. जेरोमने हिब्रूवरून नवे लॅटिन भाषांतर केले तेव्हा भेद नाहीसा झाला. पण तोवर तो विचारात रुजला होता. ११४०च्या सुमारास ग्रेशियनने केलेल्या धर्मविधींच्या संकलनात ऑगस्टीनच्या आधाराने अनाकार गर्भाचा पात हा मनुष्यवध नव्हे, असे मत नमूद झाले.

तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने या भेदाला अ‍ॅरिस्टॉटलच्या जीवशास्त्राची जोड दिली. गर्भात प्रथम वनस्पतिसदृश, नंतर प्राणिसदृश आणि शेवटी ईश्वरनिर्मित विवेकी आत्मा असा क्रम त्याने मानला. पुरुषगर्भाला ४० व स्त्रीगर्भाला ९० दिवस ही गणनाही अ‍ॅरिस्टॉटलचीच होती. सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीजाचा शोध १८२७ मध्ये लागला. त्यापूर्वीच्या या शरीरविज्ञानाचा आधार आज उरलेला नाही. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. आत्मप्रवेशापूर्वीचा गर्भपात मनुष्यवध नव्हे असे मानणारे हेच आचार्य त्याला गंभीर पाप मात्र निश्चितपणे म्हणत. ‘डिडाके’ या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथातही गर्भपाताचा निषेध आहे. म्हणजे निषेध स्थिर राहिला. त्याचे तात्त्विक कारण तेवढे बदलत गेले.

दंडविधीचा इतिहास यापासून वेगळा काढावा लागतो. पोप पाचवे सिक्स्टस यांनी १५८८ मध्ये आकाराचा भेद न करता सर्व गर्भपातांना एकच दंड ठरविला. १५९१ मध्ये चौदावे ग्रेगरी यांनी तो आत्मयुक्त गर्भापुरता मर्यादित केला. १८६९ मध्ये नववे पायस यांनी बहिष्काराच्या कलमातून भेद वगळला. टीकाकार या शेवटच्या घटनेवर भिस्त ठेवतात. पण दंडविधीतून एखादे विशेषण गाळणे म्हणजे आत्मप्रवेशाचा क्षण निश्चित करणे नव्हे.

तसा तो निश्चित केलेला नाही, हे १९७४च्या रोमच्या घोषणापत्राने स्वत:च तळटीपेत मान्य केले आहे. या बाबतीत परंपरा एकमुखी नाही, असे सांगून तो प्रश्न तेथे बाजूला ठेवला आहे. निषेधाचा आधार दुहेरी आहे : आत्मप्रवेश उशिरा होतो असे मानले तरी गर्भात आत्म्याची अपेक्षा करणारे मानवी जीवन असतेच, आणि आत्म्याचे अस्तित्व नुसते संभाव्य असले तरी त्याला मारणे म्हणजे मनुष्यवधाचा धोका पत्करणे होय. झुडपात माणूस आहे की जनावर हे ठाऊक नसताना शिकाऱ्याने बाण सोडू नये, या नीतिशास्त्रातील जुन्या दृष्टान्ताचेच हे तर्कशास्त्र आहे.

१९८७च्या ‘दोनुम विते’ या निवेदनाची भाषा याहून निराळी आहे. गर्भाला प्रथम क्षणापासून व्यक्ती‘प्रमाणे’ वागवावे, अशी तेथे आज्ञा आहे. गर्भ ही व्यक्ती ‘आहे’ असे विधान नाही. क्रियापद विध्यर्थी आहे, निश्चयार्थी नव्हे. तत्त्वज्ञानात्मक विधान करण्याचे चर्चने टाळले आहे, असेही लेखकांनी स्पष्ट केले आहे. पण त्याच्या लगेच आधी, मानवी जीव एक स्वतंत्र घटक असेल तर तो व्यक्ती कसा नसेल, अशा अर्थाचा प्रश्न येतो. जे विधान म्हणून टाळले ते प्रश्नाच्या रूपाने वाचकाच्या मनात उतरविले जाते. येथे युक्तिवाद दुबळा होतो. कारण ‘स्वतंत्र घटक’ हीच गोष्ट वादग्रस्त आहे. फलित बीजापासून पहिल्या सुमारे दोन आठवड्यांत जुळी निर्माण होऊ शकतात. याच आधारावर नॉर्मन फोर्ड या कॅथलिक धर्मगुरूने १९८८च्या आपल्या ग्रंथात एकत्वाचा आरंभ त्यानंतर मानला. २००८च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ने गर्भाला आरंभापासून व्यक्तीची प्रतिष्ठा असते असे म्हटले, ‘प्रमाणे’पासून ‘प्रतिष्ठे’पर्यंतचे हे अंतर थोडे नाही.

तात्पर्य, १९७४चा युक्तिवाद अधिक भक्कम ठरतो, कारण तो आपले अज्ञान लपवीत नाही. त्याच्या विरोधकाला केवळ शंका उपस्थित करून भागत नाही. संभाव्यताही नाही, हे त्याला दाखवावे लागते. उलट समर्थकाने ‘वागवावे’च्या जागी ‘आहे’ म्हटले की सिद्धीचा सारा भार त्याच्या शिरावर येतो. कायद्याच्या व रुग्णालयांच्या धोरणांवर परिणाम करणाऱ्या या वादात क्रियापदाचा अर्थ नीट वाचणे हे केवळ व्याकरणाचे काम राहत नाही.